जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवल्यावर येणाऱ्या अडचणींचा माग कसा काढावा

साधारण २०१० ते २०१५ या काळात घेतलेला लॅपटॉप आज सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेत असेल, तर त्यातील फिरती हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये हवी ती माहिती हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ५.६ मिलिसेकंद नुसते थांबावे लागते, आणि हेड योग्य जागी सरकवण्याचा वेळ त्याहून वेगळा असतो. एसएसडीमध्ये फिरणारे किंवा सरकणारे काहीच नसल्यामुळे हीच प्रतीक्षा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास येते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचल्या जातात, त्यामुळे जुन्या यंत्रावर हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

मात्र डिस्क बदलल्यावर लॅपटॉप सुरूच झाला नाही, की बहुतेक जण नव्या डिस्कला दोष देतात आणि ती परत करतात. दुसरी डिस्क येते आणि अडचण तशीच राहते, कारण दोष बहुतेक वेळा डिस्कच्या आजूबाजूला असतो : केबलमध्ये, बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डातील मूळ प्रणालीच्या) एखाद्या सेटिंगमध्ये किंवा क्लोन करताना (जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवताना) मागे राहिलेल्या विभाजनात (डिस्कच्या स्वतंत्र भागात). म्हणून ‘डिस्क चालते की नाही’ असे विचारण्याऐवजी ‘डिस्क कुठवर पोहोचते’ असे विचारावे. ती बायोसला दिसत नाही, बायोसला दिसते पण तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही, किंवा विंडोज सुरू होते पण अडखळते, या तीन अवस्थांची कारणे वेगवेगळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. विंडोज पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून सैल केबल घट्ट होत नाही.

लॅपटॉप उघडण्याआधी

जुनी डिस्क अजून आत असतानाच काही गोष्टी नोंदवून ठेवल्या, तर पुढचा निम्मा त्रास वाचतो. विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ या ओळीसमोर ‘लेगसी’ (यंत्र सुरू करण्याची जुनी पद्धत) आहे की ‘यूईएफआय’ (नवी पद्धत), हे लिहून घ्यावे. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन साटा कंट्रोलर (डिस्कशी बोलणारा मदरबोर्डावरील भाग) ‘आयडीई’, ‘एएचसीआय’ की ‘रेड’ या पद्धतीवर आहे, ते पाहावे आणि त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढावा. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की दुसरीकडे उतरवून घेऊन तो तात्पुरता थांबवावा.

यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने जुन्या डिस्कचे आरोग्य तपासावे. त्यातील ०५ क्रमांकाची ओळ खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (माहिती साठवणारे डिस्कचे छोटे तुकडे) मोजते, सी५ ही ओळ वाचताना अडणारे सेक्टर दाखवते आणि सी७ ही ओळ डिस्क व मदरबोर्ड यांच्यामधील वाटेवर झालेल्या चुका मोजते. येथे एक सावधगिरी बाळगावी. या साधनात कच्चे आकडे मुळात हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीत मोजणाऱ्या) स्वरूपात दिसतात, म्हणून ते दशमान पद्धतीत बदलून मगच वाचावेत. सी५ शून्यापेक्षा जास्त असेल, तर थेट क्लोन करायला घेऊ नये. आधी महत्त्वाच्या फाइली वेगळ्या काढाव्यात. सी७चा आकडा मोठा असेल, तर जुन्या डिस्कचा ‘संथपणा’ मुळात केबलचा असू शकतो, आणि तसे असेल तर नवी डिस्कही त्याच केबलवर अडखळणार आहे.

क्लोन न करता विंडोज नव्याने इन्स्टॉल करायचे असेल, तर मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून सांभाळावी. युनिकोड रुळण्याआधी टाइप केलेली पत्रे, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि दस्तऐवज जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात. ते फाँट नव्या विंडोजमध्ये नसले की फाइल उघडते, पण पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग उमटते. त्यासाठी विंडोजमधील ‘फाँट्स’ हा पूर्ण फोल्डर आणि टायपिंगच्या सॉफ्टवेअरची इन्स्टॉल करण्याची फाइल बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवावी. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना यंत्राशी बांधलेला असतो. जुनी डिस्क काढण्यापूर्वी तो रीतसर सरेंडर केला, तर नंतर पुन्हा सुरू करताना अडचण येत नाही.

डिस्क विकत घेताना आकार आणि जोडणी या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. अडीच इंची एसएसडी बहुधा ७ मिलिमीटर जाडीची असते, तर जुन्या लॅपटॉपमधील जागा अनेकदा ९.५ मिलिमीटरच्या डिस्कसाठी केलेली असते. थिंकपॅड एक्स२२० सारख्या काही यंत्रांत मात्र जागाच ७ मिलिमीटरची आहे आणि तिथे जाड डिस्क बसत नाही. पातळ एम.२ पट्टी घेणाऱ्यांची फसगत जास्त होते, कारण एकाच आकाराच्या पट्टीत साटा आणि एनव्हीएमई हे दोन पूर्णपणे वेगळे प्रकार मिळतात. फक्त साटा मानणाऱ्या खाचेत एनव्हीएमई पट्टी काही वेळा व्यवस्थित बसते, पण ती यंत्राला कधीच दिसत नाही. त्याशिवाय जुन्या बायोसमध्ये एनव्हीएमईवरून सुरू होण्याची सोयच नसते. त्यामुळे अडीच इंची जागा असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये साधी साटा एसएसडीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बायोसलाच डिस्क दिसत नसेल

या अवस्थेत विंडोजचा काहीही संबंध नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. बायोसच्या यादीत डिस्कचे नाव नसेल, तर दोष जोडणीत, केबलमध्ये, खाचेत किंवा डिस्कमध्ये आहे.

सर्वप्रथम लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी आणि पॉवरचे बटण १५-२० सेकंद दाबून ठेवावे. बॅटरी आतून जोडलेली असेल, तर मागचे झाकण उघडल्यावर तिचा कनेक्टर आधी सोडवावा. विदर्भ-मराठवाड्यातील हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज सहज साठते, म्हणून डिस्कला हात लावण्यापूर्वी मातीत टेकलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा आणि डिस्क नेहमी कडेने धरावी.

आता काढलेली जुनी डिस्क हातात घेऊन तिच्या कनेक्टरच्या टोकाकडे नीट पाहावे. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढा एक जोडतुकडा असतो. तो जुन्या डिस्कच्या टोकाला इतका घट्ट बसलेला असतो, की डिस्कचाच भाग वाटतो. तो तसाच राहिला, तर नवी डिस्क खाचेपर्यंत पोहोचतच नाही, आणि बाहेरून मात्र सारे जागच्या जागी दिसते. हा तुकडा डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने थोडा थोडा ओढून सरळ काढावा. एकाच बाजूने उचकटला तर आतल्या पिना वाकतात. डिस्कभोवतीची धातूची चौकट आणि तिचे चार स्क्रूही नव्या डिस्कवर जसेच्या तसे चढवावेत. ७ मिलिमीटरची डिस्क ९.५ मिलिमीटरच्या जागेत चौकटीशिवाय ठेवली, तर ती मागे-पुढे हलते आणि लॅपटॉप उचलला की जोडणी तुटते. तसे होत असल्यास डिस्कसोबत मिळणारी अडीच मिलिमीटरची प्लॅस्टिकची चौकट वापरावी.

काही यंत्रांत जोडतुकड्याऐवजी कागदासारखी सपाट पट्टीकेबल असते. मदरबोर्डाच्या बाजूला ती एका छोट्या कुलपी कनेक्टरमध्ये जाते, आणि त्या कनेक्टरची काळी किंवा तपकिरी पट्टी नखाने वर उचलल्याशिवाय केबल ओढू किंवा घालू नये. केबल शेवटपर्यंत सरळ गेली आहे, हे तिच्यावरची आडवी खूण कनेक्टरच्या काठाला समांतर आहे की नाही यावरून कळते. खूण तिरकी दिसली, तर केबल बाहेर काढून पुन्हा घालावी.

केबल बाहेरून धडधाकट दिसली, तरी ती निर्दोष आहे असे समजू नये. २०१२ सालच्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये हार्ड डिस्कची पट्टीकेबल धातूच्या कवचाला घासत जाते आणि कालांतराने आतून खराब होते, हे दुरुस्ती करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. त्यातही लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की अर्धवट खराब झालेली केबल जुन्या, संथ डिस्कला कशीबशी पुरते, पण एसएसडी सेकंदाला ६ गिगाबिटच्या वेगाने बोलू लागली की तिच्यावर चुका होऊ लागतात. अशा वेळी जुनी डिस्क चालते आणि नवी चालत नाही, म्हणून नवीच वाईट, असा निष्कर्ष काढला जातो. तो तपासण्याचा मार्ग सोपा आहे. नवी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत) घालून दुसऱ्या संगणकाला जोडावी. तिथे ती दिसली, तिच्यावर मोठी फाइल उतरली आणि पुन्हा वाचता आली, तर डिस्क ठीक आहे आणि शोध केबलकडे वळवावा.

तिथेही दिसली नाही, तर एकदा ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पाहावे. कोरी डिस्क ‘धिस पीसी’मध्ये दिसतच नाही; तिला आधी इनिशियलाइज करावे लागते. जुन्या बाजारातून घेतलेल्या डिस्कला आधीच्या मालकाने पासवर्ड लावलेला असू शकतो. तो डिस्कच्या आतच साठलेला असल्यामुळे लॅपटॉप बदलूनही जात नाही. अविश्वसनीय वाटावी इतक्या कमी किमतीत मिळालेल्या डिस्कची खरी क्षमता एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या साधनाने तपासावी. खोट्या क्षमतेच्या डिस्कवर ठरावीक मर्यादेनंतर लिहिलेली माहिती नाहीशी होते. मात्र २४० जीबीची डिस्क विंडोजमध्ये २२३ जीबी दिसते, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडीत (त्याच आकाराच्या चौकटीत) दुसरी डिस्क बसवणाऱ्यांनी कॅडीची जाडी, म्हणजे ९.५ की १२.७ मिलिमीटर, आधी मोजून घ्यावी. एसएसडी मुख्य जागेत आणि जुनी डिस्क कॅडीत, हाच क्रम योग्य ठरतो, कारण डीव्हीडीची वाट अनेक यंत्रांत निम्म्या वेगाची असते. २०११च्या अगदी सुरुवातीला बाजारात आलेल्या इंटेल यंत्रांबाबत आणखी एक जुनी गोष्ट लक्षात ठेवावी. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या ६-मालिकेतील चिपसेटमध्ये (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या चिपमध्ये) दोष असल्याचे जाहीर केले होते, ज्यामुळे ३ गिगाबिटची साटा पोर्ट काळाच्या ओघात मंदावू शकत होती; ६ गिगाबिटच्या दोन पोर्टना त्याची बाधा नव्हती. त्या सुमाराच्या यंत्रात फक्त कॅडीतील डिस्क अधूनमधून गायब होत असेल, तर हेही कारण असू शकते.

क्लोन करताना

क्लोनसाठी वापरायच्या यूएसबी पोर्टचा वेग आधी विचारात घ्यावा. यूएसबी २.० वरून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३० ते ३५ मेगाबाइट माहिती जाते, म्हणजे ३०० जीबीला साधारण अडीच ते पावणेतीन तास लागतात. मध्येच काही अडकले आहे असे वाटून केबल ओढणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. त्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळण्याची हमी असते. क्लोन पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर यूएसबी ३.० चे पोर्ट वापरून पाहावे.

मोठ्या डिस्कवरून छोट्या एसएसडीवर जाताना सी ड्राइव्ह आधी आक्रसून घ्यावा लागतो आणि मोकळी जागा भरपूर असूनही विंडोज थोडीच जागा सोडायला तयार होते. हलवता न येणाऱ्या फाइली मध्येच बसलेल्या असतात, हे त्याचे कारण. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरते बंद करून यंत्र एकदा रीस्टार्ट केले की सहसा वाट मोकळी होते. जुन्या डिस्कवर खराब सेक्टर असतील, तर साधे क्लोन साधन पहिल्याच अडथळ्यावर थांबते. अशा डिस्कसाठी लिनक्सवरील जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे, कारण ते आधी वाचता येणारा सर्व भाग उचलते आणि खराब जागांकडे शेवटी वळते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कबाबत हा क्रम फार मोलाचा आहे.

क्लोन पूर्ण झाल्यावर लॅपटॉप बंद करावा आणि पहिली सुरुवात फक्त नव्या डिस्कवरून करावी. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडलेल्या असतील, तर त्यांची ओळखसही सारखी असल्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन करते, आणि काही वेळा आपण नव्या डिस्कवरून सुरू झालो अशा समजुतीत जुन्याच डिस्कवर काम करत राहतो. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नये. पुढे काहीही बिघडले, तरी ती परत बसवून ‘यंत्र ठीक आहे का’ या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत मिळवता येते.

केसिंगमध्ये चांगली दिसणारी डिस्क लॅपटॉपमध्ये बसवताच ‘अनअलोकेटेड’ दिसू लागली, तर घाबरून तिला फॉरमॅट करू नये. काही केसिंग ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे असल्यासारखे दाखवतात आणि त्यातून केलेली विभाजने थेट जोडणीवर ओळखली जात नाहीत. नवी डिस्क लॅपटॉपच्या आत आणि जुनी केसिंगमध्ये ठेवून पेनड्राइव्हवरच्या साधनाने पुन्हा क्लोन केले, की हा प्रश्न सुटतो.

डिस्क दिसते, पण विंडोज सुरू होत नाही

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश आला, तर सुरुवातीला काढलेल्या नोंदी उघडाव्यात. लेगसी पद्धतीने इन्स्टॉल झालेले विंडोज यूईएफआयवर ठेवलेल्या बायोसला दिसत नाही, आणि उलटही तसेच. बायोसची बॅटरी जुनी झालेली असेल, तर काम करताना मुख्य बॅटरी काढताच सगळी सेटिंग मूळपदावर जातात आणि हा गोंधळ आपोआप उद्भवतो. सेटिंग बरोबर असूनही संदेश येत असेल, तर क्लोन करताना फक्त सी ड्राइव्ह निवडला गेला होता का, ते पाहावे. विंडोज सुरू करणाऱ्या फाइली बहुधा त्याच्या आधीच्या छोट्या, ड्राइव्हचे अक्षर नसलेल्या विभाजनात असतात. ‘सिस्टिम रिझर्व्ड’ किंवा ‘ईएफआय’ असे ते विभाजन मागे राहिले, तर सी ड्राइव्ह पूर्ण असूनही निरुपयोगी ठरतो. उपाय म्हणजे पूर्ण डिस्क पुन्हा क्लोन करणे.

विंडोजचे चिन्ह दिसून लगेच निळा पडदा आला आणि त्यावर ‘७बी’ने संपणारा क्रमांक किंवा ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे शब्द असतील, तर साटा कंट्रोलरची पद्धत बदललेली आहे, असे बहुतेक वेळा समजावे. एसएसडीसाठी एएचसीआय चांगले, असे वाचून अनेक जण डिस्क बदलतानाच तेही बदलतात. विंडोजने मात्र त्याचा ड्रायव्हर सुरुवातीला चढवायचा ठरवलेला नसतो. बायोसमध्ये जुनी पद्धत परत ठेवली की विंडोज सुरू होते. त्यानंतर विंडोज १० मध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मधील बूट या भागात जाऊन सेफ बूट निवडावे, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करावे, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्यावे आणि मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करावे. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आठवत असल्याची खात्री आधी करावी. विंडोज ७ मध्ये रजिस्ट्रीतील ‘एमएसएएचसीआय’ या सेवेची ‘स्टार्ट’ ही किंमत ० करून मग बायोस बदलावा लागतो.

नव्याने इन्स्टॉल करायचेच ठरले, तर विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि या वयाचे लॅपटॉप विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बसत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. पत्रव्यवहार, ब्राउझर आणि ऑनलाइन वर्ग एवढ्याच कामासाठी यंत्र असेल, तर लिनक्स मिंट बसवणे अधिक शहाणपणाचे आहे.

चालते, पण अडखळते

वेगाची चाचणी घेऊन आकडा सेकंदाला २६० ते २८० मेगाबाइटच्या आसपास अडकत असेल, तर तो बिघाड नाही. साटा २ च्या वाटेची ती मर्यादा आहे आणि रोजच्या कामात ती जाणवत नाही. साधारण २००८-०९ मधील एनव्हीडिया चिपसेटच्या मॅकबुकमध्ये काही नव्या एसएसडी १.५ गिगाबिटवर उतरतात, आणि तिथे दुसऱ्या कंट्रोलरची डिस्क घेण्यावाचून इलाज नाही. विंडोज एक्सपीच्या काळातील विभाजन क्लोन होऊन आले असेल, तर ते ६३व्या सेक्टरपासून सुरू होते आणि अनेकदा एकच लेखन एसएसडीच्या दोन पानांवर (लिहिण्याच्या छोट्या तुकड्यांवर) सांडते. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये विभाजनाचा सुरुवातीचा ऑफसेट ४०९६ने नि:शेष भागला जात नसेल, तर डिस्क नव्याने विभाजित करणे इष्ट.

अधूनमधून अर्धा मिनिट सारे गोठते आणि मग पूर्ववत चालते, ही तक्रार बहुधा वीज वाचवण्याच्या सोयीमुळे उद्भवते. पॉवरच्या पर्यायांत ‘हार्ड डिस्क बंद करा’ हे ‘कधीच नाही’ करून आणि एएचसीआयची लिंक पॉवर बचत थांबवून दोन दिवस पाहावे. तरीही फरक पडला नाही, तर डिस्कचे फर्मवेअर (तिच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे. क्रुशिअल एम४ या डिस्कमध्ये ५१८४ तास वापर झाल्यावर दर तासाला यंत्र कोसळण्याचा दोष होता आणि २०१२च्या जानेवारीत आलेल्या फर्मवेअरने तो दूर झाला. केबल, विंडोज, मेमरी बदलून त्याचा माग कधीच लागला नसता. फर्मवेअर बदलताना चार्जर जोडलेला असावा आणि माहितीची प्रत बाहेर असावी.

या सगळ्यानंतरही सी७चा आकडा केबल बदलूनही वाढत राहिला, किंवा दुसऱ्या संगणकातही डिस्क गायब होत राहिली, तर ती हमीत परत करावी. बदलून मिळणारी डिस्क कोरी येते आणि परत गेलेल्या डिस्कवरची माहिती आपल्या ताब्यात उरत नाही. म्हणून डिस्क दिसत असतानाच, कंपनीकडे तक्रार नोंदवण्यापूर्वी, तिच्यावरील फाइली काढून घ्याव्यात आणि उत्पादक कंपनीच्या साधनातील ‘सिक्युअर इरेज’ने ती पूर्ण पुसून मगच कुरिअरकडे द्यावी.